कॅरियाकूला ठेवलेली अर्धी भाकरी

वहिनी, तुमच्या बाराव्याला लोक हसले. तोंडाला रुमाल लावून नाही, चांगले खदखदून हसले. आणि त्यांना हसवलं मी.

तुम्ही म्हणाल, "त्यात नवीन काय भाऊजी, तुम्ही तर तिरडी बांधणाऱ्यालाही हसवाल." नवीन एवढंच की त्या दिवशी मी विनोद केलाच नव्हता. जन्मात पहिल्यांदा भरल्या घरात मीठमसाला न लावता एक वाक्य खरं बोललो होतो. तेही तुम्ही सोपवलेलं.

भटजींनी विचारलं, "माहेरकडचं आणखी कुणी आहे का, ज्यांच्या नावानं तीळपाणी सोडायचं?" वृंदानं तुमच्या आईचं आणि अप्पांचं नाव घेतलं आणि थांबली. लेकीनं सगळं स्वतः करायचं म्हणून दर्भाची अंगठी घालून बसली होती बिचारी. मी घसा साफ केला. म्हटलं, "एक राहिलं. वहिनींचा धाकटा भाऊ, वासू. कॅरियाकूला वहिनींनी त्याच्यासाठी ताट..."

कॅरियाकू हा शब्द तोंडातून गेला आणि मागच्या सतरंजीवरून तुमच्या शेजारच्या वकिलांचा आवाज आला, "आलं रे आलं, भूत आलं!" झालं. आधी बायका हसल्या, मग पुरुष. कुणी म्हणालं, "दातांचं सांगा, दातांचं!" मी हात हलवत होतो, "अहो खरंच, खरंच सांगतोय," आणि माझं प्रत्येक "खरंच" त्यांना गोष्टीचाच भाग वाटत होतं. माझी गोष्ट नेहमी "खरंच सांगतो" इथूनच सुरू होते ना. शेवटी भटजीही ओठ दाबून म्हणाले, "साकु री काका, आज तरी पुरे करा." आणि त्यांनी पळी पुढच्या विधीकडे नेली.

वासूचं पाणी राहिलं.

वृंदा हसली नाही. पेपरात शेजारणीचं बघून लिहिणाऱ्या मुलीकडे तुम्ही वर्गात जसं बघायचात ना, तसं तिनं माझ्याकडे बघितलं. चष्म्याच्या वरून. मी उठून मागच्या दारी गेलो आणि तुमच्या तुळशीपाशी मेल्याहून मेल्यासारखा उभा राहिलो.

हसणाऱ्यांना दोष देत नाही. माझी गोष्ट साऱ्या हुबळी-धारवाडला पाठ आहे. कोप्पीकर रोडवर माझं बॅगांचं दुकान. जन्मभर लोकांना प्रवासाच्या बॅगा विकल्या आणि स्वतः कधी बेळगावच्या पुढे गेलो नाही. माझे थोरले भाऊ, अण्णा, गेल्यावर तुमच्या लेकीनं तुम्हाला तिकडे बोलावलं, ग्रेनाडा बेटावर, जिथे ती मेडिकलच्या पोरांना शिकवते. तुम्ही म्हणालात, "एकटी कशी जाऊ? भाऊजी, चला की सोबत." मी दुकानातली सगळ्यांत मोठी बॅग काढली. गोष्टीत मी सांगतो की तिच्यात दुभती म्हैस बसेल, रवंथ करायला जागा ठेवून. तुम्ही ती कडक भाकऱ्यांनी भरलीत. जोंधळ्याच्या, पापडासारख्या पातळ, उन्हात ठेवल्यासारख्या वाळलेल्या. सोबत शेंगाचटणीचा डबा. आपल्याकडचा माणूस चंद्रावर गेला तरी एवढं नेईलच.

पुढे मी काय काय केलंय त्याचं, ते बघा. विमानतळावरचा गोरा अधिकारी भाकरीवर टकटक करून विचारतो, "ही फरशी कुठल्या खाणीतली?" मग ग्रेनाडाहून शेजारच्या कॅरियाकूला दोन दिवस फिरायला जाताना बोटीखाली समुद्रात ज्वालामुखी. तो खरोखरच आहे हो, तिथल्या नकाशावर आहे. पण माझ्या गोष्टीत तो बोटीला खालून चहाच्या आधणासारखी उकळी द्यायचा. वृंदाला बोट लागली, हे खरं. तिच्या ओकाऱ्यांना कंटाळून मासे शेजारच्या देशात गेले, हे माझं. बेट एवढंसं की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस "शतायुषी हो" म्हणतो. माणसांपेक्षा बकऱ्या जास्त, आणि बँकेच्या रांगेतही बकऱ्याच पुढे.

आणि मग तुम्ही. घरमालकीण मिस ॲग्नेसकडे भुतांना जेवण असतं. जेवण म्हटल्यावर तुम्ही थेट भुतांच्या पंगतीला जाऊन बसता. बुडालेल्या जहाजाचा कप्तान शेजारी येऊन बसतो, तुम्ही त्याला आधी हात धुवायला लावता, शाळामास्तरीण ना, आणि मग त्याच्या पानात कडक भाकरी वाढता. कडाड! सकाळी ताटात कप्तानाची अख्खी बत्तिशी. तो बिचारा आपल्या मागं मागं भारतात आला आणि अजून कोप्पीकर रोडवरच्या दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलाय.

इथे लोक पोट धरून हसायचे. लग्नात, मुंजीत, बारशात. पोरं तुम्हाला "भुताचे दात पाडणारी आजी" म्हणायला लागली. आणि तुम्ही दर वेळी नेमक्या त्याच ठिकाणी चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचात. मला वाटायचं, वहिनींचं टायमिंग काय आहे! टाळ्या घ्यायला येतात. आता कळतं, गोष्ट कुठवर आली ते आतून तुम्हाला ऐकू येत होतं, आणि ती तोडायला तुमच्याकडे चहाशिवाय दुसरं काही नव्हतं.

एकदाच तुम्ही तोंडावर बोललात. सप्तापूरच्या घराच्या पायरीवर लसूण सोलत बसला होतात. आदल्या दिवशी मी कुणाच्या तरी डोहाळजेवणात तुमच्याकडून कप्तानाला बाराखडी शिकवून घेतली होती.

"भाऊजी, आता ती गोष्ट पुरे करा."

"अहो वहिनी, रचली कुणासाठी? तुमच्यासाठीच ना?"

"माझ्यासाठी एकदा सांगितलीत. त्याबद्दल तुमचे पाय धरीन. नंतरच्या सगळ्या वेळा तुम्ही तुमच्यासाठी सांगितलीत."

"लोक खूश होतात की हो. तेवढंच पुण्य."

"पुण्य तुम्ही घ्या. मला फक्त गप्प बसू द्या."

मी म्हटलं, "बसा की गप्प, बोलतोय तर मी!" आणि स्वतःच्याच उत्तरावर हसलो. तेवढ्यात दुकानातून फोन आला म्हणून उठलो. ते भांडण तिथंच राहिलं, वहिनी. आज मी तुमच्या बाजूनं भांडून ते पुरं करायला तयार आहे, तर तुम्ही नाही.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाची दुपार आठवते. वृंदा विमानात होती. तुम्ही मला जवळ बसवून सांगितलंत, "माझं सगळं होईल तेव्हा वासूचं नाव घ्या. आईला शब्द दिला होता, मी जिवंत असेपर्यंत त्याला गेला म्हणणार नाही. मी गेले की शब्द सुटला."

मी म्हटलं, "वृंदा उद्या येतेय. तिलाच सांगा की."

"तिला सांगायचं तर मला तोंडानं 'गेला' म्हणावं लागेल. ते नाही होणार." मग म्हणालात, "तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार, तेही मला ठाऊक आहे. पण तिथं माझ्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं हो."

मी काय केलं? तुमचं मन हलकं करायला म्हटलं, "काळजी नको, कप्तानाला साक्षीला आणतो!" तुम्ही डोळे मिटलेत. झोप लागली असं मी घरी सांगितलं. झोप नव्हती ती.

बारावं उरकल्यावर घर रिकामं झालं. वकील जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काका, तुम्ही आहात म्हणून दुःख जाणवलं नाही." एवढी मोठी शिवी मला आजवर कुणी दिली नव्हती.

वृंदाच्या परत जाण्याची तयारी सुरू झाली तेव्हा तिच्या बॅगेची चेन अडकली. तिनं निरोप पाठवला. मी पक्कड आणि मेणाचा तुकडा घेऊन गेलो. ती तुमच्या खोलीत जमिनीवर बसली होती, समोर तीच म्हशीची बॅग. मी चेनीला मेण लावायला घेतलं.

"काका, बाराव्याला तुम्ही ते का बोललात?"

"आईनं सांगितलं होतं."

"आईनं? माझ्या आईनं तुम्हाला भुताची गोष्ट सांगायला सांगितली?"

"भुताची नाही ग. वासूची."

"वासूमामा घर सोडून गेला एवढं मला माहीत आहे. आजी दर दिवाळीला त्याच्यासाठी शर्ट घ्यायची. त्याचा कॅरियाकूशी काय संबंध? तो काय पोहत गेला?" मग तिचा आवाज फुटला. "काका, माझी आई गेलीय. एकदा तरी सरळ सांगा. तिथं तिनं काय केलं? मी आत पडून होते, मला माहीतच नाही. आणि मिस ॲग्नेसला विचारायचं तर वादळात तिचं घर गेलं, ती कुठे गेली तेही कुणाला माहीत नाही. उरलात तुम्ही."

उरलो मी. तुमच्या लेकीच्या वाट्याला साक्षीदार आला तर असा.

खरं सांगू? तोंड उघडलं तर आधी कप्तानच बाहेर यायला लागला. इतक्यांदा सांगितलीय ती गोष्ट की मला त्या टेबलाशी बसलेला कप्तान दिसतो, त्याच्या टोपीवरचं मीठ दिसतं, आणि तुम्ही कुठल्या रंगाचं लुगडं नेसला होतात ते आठवत नाही. मी चेन सोडून दिली, डोळे मिटले आणि जेवढं सापडलं तेवढंच सांगितलं.

संध्याकाळ होती. वृंदा आत झोपली होती. मिस ॲग्नेसनं आपल्याला तिच्या भावाच्या घरी नेलं. भाऊ खलाशी होता, समुद्रात गेला, सापडला नाही. त्याच्यासाठी आणि घरातल्या सगळ्या गेलेल्यांसाठी त्यांच्याकडे जेवण रांधतात. एका खोलीत टेबलावर पांढरी चादर, मेणबत्ती, आणि ताट. त्याला ते पितरांचं ताट म्हणतात. ताटात भाताचे गोळे होते. बिनमिठाचे. तुम्ही दारात थांबलात आणि म्हणालात, "भाऊजी, पिंड." मी म्हटलं, "आपलेच लोक दिसतात."

मग तुम्ही मिस ॲग्नेसला विचारलंत, भाऊ सापडला नाही, तर तो गेला हे तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, नाही कळलं. पण भूक लागली असेल ना.

तुम्ही पिशवीतून भाकरी काढलीत. मोडून दोन तुकडे केलेत. तिला विचारलंत, ठेवू का? ती बाजूला झाली. तुम्ही अर्धी ताटात ठेवलीत, वर थोडी चटणी. उरलेली अर्धी परत पिशवीत. आणि म्हणालात, "ऊट माडो, वासू." जेव रे, एवढंच. मग तिनं दार ओढून घेतलं आणि आपण बाहेर आलो.

येताना वाटेत मी विचारलं, अर्धीच का? तुम्ही सांगितलंत. अळणावरला अप्पांची लाकडाची वखार होती. वासू अप्पांवर रागावून जेवणावरून उठला. अर्धी भाकरी ताटात होती. दारातून म्हणाला, "अक्का, अर्धी ठेव, आल्यावर खातो." आणि स्टेशनकडे गेला. तुमच्या आईनं ती किती दिवस झाकून ठेवली होती. त्याचं कधी काही करू दिलं नाही कुणाला, कारण केलं तर तो गेला असं होईल. तुम्ही म्हणालात, "इथं आपलं कुणी बघत नाही, भाऊजी. घरी सांगू नका."

एवढंच सांगितलं मी वृंदाला. समोरच्या चहावर साय धरायच्या आत संपलं. त्याच गोष्टीवर मी लग्नाच्या अख्ख्या पंगती उठवल्या होत्या.

वृंदा वाट बघत होती. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"भूत?"

"नाही आलं."

"आणि सकाळी? मी भाकरी मागितली तेव्हा तुम्ही ते दातांचं सांगितलंत."

"पिशवीत अर्धीच उरली होती. तू आईला विचारत होतीस, बाकीची अर्धी कुठे गेली. तिला उत्तर देता येईना. म्हणून मी..."

तो आपला एकच चांगला क्षण, वहिनी. सकाळच्या टेबलावर तुम्ही हातात ती उरलेली अर्धी घेऊन गप्प बसला होतात, लेक विचारत होती, आणि मी मध्ये उडी मारून म्हटलं, "अगं, रात्री भूत आलं होतं, दात पडले त्याचे!" वृंदा हसली, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तसं मला आयुष्यात कुणी बघितलं नाही, आमच्या हिनंसुद्धा नाही. तिथंच मी ती गोष्ट पुरली असती तर आज ताठ मानेनं हा लेख लिहिला असता. पण माझ्यासारख्याला एकदा हशा मिळाला की मांजराला दूध. परतीच्या बोटीवरच मी ती शेजारच्या प्रवाशाला सांगितली होती, इंग्रजीत, आणि तेव्हा दात दोनच होते.

वृंदानं बॅगेच्या कडेवरून बोट फिरवलं. "त्या सकाळी आईपण हसली होती," ती म्हणाली. "बाबा गेल्यावर पहिल्यांदा. म्हणून मला ती गोष्ट आवडायची काका. मीच सगळीकडे तुम्हाला सांगायला लावायचे."

मी म्हटलं, "मग ठेवलास का विश्वास?"

"काका, यात तुम्ही काहीच करत नाही. नुसते दारात उभे आहात." तिनं नाक पुसलं. "म्हणून खरं वाटतं."

वहिनी, एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीला अशी दाद मिळाली नव्हती, आणि कुठल्याही दादेनं मी असा खाली बघितला नव्हता.

तुमच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्यात कडक भाकऱ्या होत्याच. तुम्ही पडण्याआधी आणून ठेवलेल्या. वृंदानं एक काढली आणि मोडली. तांब्यात पाणी घेतलं, त्यात तीळ टाकले. भटजींना बोलवायचं का, मी विचारलं. ती म्हणाली, "आईनं तिथं बोलावले होते का?" आम्ही मागच्या दारी गेलो. पेरूखाली कंपाउंडची भिंत आहे ना, जिथं तुम्ही चिमण्यांना दाणे टाकायचात, तिथं तिनं अर्धी भाकरी ठेवली, वर चटणी. ओंजळीतून पाणी सोडलं. वासूमामाचं नाव घेतलं, पूर्ण, तुमच्या अप्पांच्या नावासकट. आणि म्हणाली, "जेव रे मामा."

मी दारात उभा होतो. काही बोललो नाही. साक्षीला वकील नव्हते, भटजी नव्हते.

हे मी छापायला देतोय ते त्या दिवशी हसलेल्यांसाठी. त्यांना सांगायचंय की त्यांची चूक नव्हती. पुढच्या लग्नात कुणी बेटाची गोष्ट मागितली तर मी बकऱ्यांपर्यंत सांगेन. बकऱ्या माझ्या आहेत, त्या हव्या तेवढ्या वाढवेन. ताटाच्या खोलीचं दार मात्र मिस ॲग्नेसनं ओढून घेतलं होतं, ते आता ओढलेलंच राहील.

कावळा आला का, हे सगळे विचारणार. इथे माझी लेखणी शिवशिवतेय, वहिनी. असा कावळा सुचलाय, घारीएवढा, पंखांवर समुद्राचं मीठ, थेट अळणावरच्या दिशेनं आलेला. तो लिहीत नाही. आला की नाही आला, ते ज्याला हवं असेल त्यानं वृंदाला विचारावं. मी सांगितलं की त्याची गोष्ट होते.